अतिसक्रिय थायरॉइड : दुर्मीळ गुंतागुंती आणि त्यांची पूर्वसूचना

थायरॉइडच्या विकारांपैकी मराठी घरांना सर्वांत परिचित असतो तो ग्रंथीचे काम मंदावण्याचा विकार. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये ही मंदता आढळली होती, त्यामुळे सकाळी अनशापोटी थायरॉक्झिनची गोळी घेणारी एखादी तरी व्यक्ती बहुतेक प्रत्येक गोतावळ्यात असते. याच्या उलट, ग्रंथीने प्रमाणाबाहेर काम करण्याचा विकार बराच कमी आढळतो. कोची येथील एका पाहणीत उघड स्वरूपाचा असा विकार १.३ टक्के, तर केवळ रक्तचाचणीत दिसणारा सौम्य प्रकार १.६ टक्के लोकांत होता. छातीत धडधडणे, हातांना कंप सुटणे, भूक चांगली असूनही वजन घटणे, उकाडा सहन न होणे, घाम, चिडचिड, झोप उडणे ही त्याची नेहमीची लक्षणे असून बहुसंख्य रुग्ण साध्या गोळ्यांनी ताळ्यावर येतात. मात्र मोजक्या रुग्णांत हा विकार अशा रूपाने समोर येतो की त्याचा संबंध मानेतल्या एका लहानशा ग्रंथीशी असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. धडधाकट तरुणाला पहाटे उठताना पाय हलवता येत नाहीत, साध्या तापाचे निमित्त होऊन रुग्ण बेशुद्धीच्या उंबरठ्यावर पोहोचतो, एखाद्याची दृष्टी अधू होऊ लागते, तर एखादी वृद्धा काहीही न दुखता-खुपता खंगत जाते. या गुंतागुंती दुर्मीळ आहेत, परंतु त्या अवचित कोसळतात असे मानणे चुकीचे ठरेल, कारण त्यांतील जवळजवळ प्रत्येकीला ठरावीक निमित्त लागते आणि ते निमित्त बहुधा आधी ओळखता येते.

ग्रंथी आणि तिचा बिघाड

थायरॉइड, म्हणजेच शास्त्रीय परिभाषेतील अवटू ग्रंथी, मानेच्या पुढच्या बाजूस कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते आणि प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारणपणे १५ ते २५ ग्रॅम भरते. अन्नातून, मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून, मिळणारे आयोडीन वापरून ती थायरॉक्झिन म्हणजे टी-४ आणि ट्रायआयोडोथायरोनिन म्हणजे टी-३ ही दोन संप्रेरके तयार करते, आणि शरीरातील पेशींनी ऊर्जा किती वेगाने खर्च करावी हे या संप्रेरकांवर अवलंबून असते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच नावाच्या संप्रेरकाद्वारे थायरॉइडला कामाला लावते आणि रक्तातील टी-३ व टी-४ पुरेसे झाले की आपला हात आखडता घेते. त्यामुळे थायरॉइड अतिसक्रिय झाली की तपासणीच्या अहवालात टीएसएच जवळजवळ शून्यावर आलेले दिसते. अहवालावरील ‘टीएसएच कमी’ ही नोंद वाचून ग्रंथीच मंदावली आहे, असा उलटा अर्थ पुष्कळ जण लावतात, म्हणून हा अहवाल डॉक्टरांकडून समजून घेणे आवश्यक असते. केस आणि नखे यांच्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन हे जीवनसत्त्व काही चाचणी-पद्धतींत अडथळा आणते आणि निरोगी माणसाचा अहवालही अतिसक्रिय थायरॉइडसारखा दाखवते. यासाठी चाचणीपूर्वी किमान दोन दिवस अशा गोळ्या बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

ग्रंथी अतिसक्रिय होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ग्रेव्हज विकार होय. १८३५ मध्ये डब्लिनचे वैद्य रॉबर्ट ग्रेव्हज यांनी आणि १८४० मध्ये जर्मनीतील मर्सेबुर्ग येथील कार्ल फॉन बाझेडो यांनी त्याचे वर्णन केले, आणि गलगंड, बाहेर आलेले डोळे व धडधडणारे हृदय ही बाझेडो यांनी नोंदवलेली त्रयी आजही वैद्यकीच्या पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा टीएसएचची नक्कल करणारी प्रतिद्रव्ये तयार करते, ती थायरॉइडच्या पेशींना सतत चेतवत राहतात आणि पियुषिकेने काम थांबवले तरी ग्रंथी थांबत नाही. वाढत्या वयात ग्रंथीत झालेल्या गाठी स्वतंत्रपणे संप्रेरके तयार करू लागणे हे दुसरे कारण होय. तिसरा प्रकार ग्रंथीच्या दाहाचा असून त्यात नवे संप्रेरक तयार होत नाही, आधी साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते आणि काही आठवड्यांत विकार आपोआप ओसरतो. या तिसऱ्या प्रकारात संप्रेरकनिर्मिती रोखणाऱ्या गोळ्यांचा काहीच उपयोग होत नसल्याने उपचारापूर्वी कारण निश्चित करणे ही पहिली पायरी ठरते.

पायांतले बळ जाते तेव्हा

या विकाराच्या दुर्मीळ रूपांपैकी सर्वांत चकवणारे रूप म्हणजे थायरॉइडमुळे होणारा आवर्ती पक्षाघात, म्हणजे ठरावीक काळाने येणारी आणि पूर्णपणे ओसरणारी स्नायूंची दुर्बलता. थायरॉइडचे विकार एकंदरीत स्त्रियांत अधिक आढळत असले तरी हा पक्षाघात प्रामुख्याने २० ते ४० वयोगटातील पुरुषांना गाठतो आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आशियाई लोकांत अधिक दिसतो. अतिसक्रिय थायरॉइड असलेल्या चिनी आणि जपानी रुग्णांत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के, तर उत्तर अमेरिकेतील रुग्णांत ०.१ ते ०.२ टक्के असल्याचे नोंदवले गेले आहे. २०१० मध्ये स्नायूंतील पोटॅशियमच्या वाहिनीशी संबंधित एका जनुकातील बदलांचा या विकाराशी असलेला संबंध उघडकीस आला, आणि काही व्यक्तींच्या स्नायूंत ही दुर्बलता जन्मतःच दबा धरून असते व थायरॉइड बिघडली की प्रकट होते, या कल्पनेला त्यामुळे आधार मिळाला.

यामागची यंत्रणा समजली की त्याचे निमित्तही समजते. पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर काढणारे आणि पोटॅशियम आत ओढणारे रासायनिक पंप असतात. थायरॉइडचे संप्रेरक वाढले की या पंपांचा वेग वाढतो आणि भात, पोळ्या, गूळ किंवा साखर भरपूर पोटात गेल्यावर स्रवणारे इन्सुलिन त्यात भर घालते. परिणामी रक्तातील पोटॅशियम स्नायूंत ओढले जाते, रक्तात त्याची पातळी एकदम खाली येते आणि स्नायू आकुंचन पावेनासे होतात. म्हणूनच दिवसभराचे कष्ट किंवा जोरदार व्यायाम, त्यानंतर रात्रीचे भरपेट जेवण, मग विश्रांती आणि पहाटे उठताना पाय न हलणे असा या झटक्याचा ठरावीक क्रम असतो. हा क्रम कोल्हापूरच्या दिनक्रमात सहज बसणारा आहे. तालमीत मेहनत करणारा मुलगा, गळिताच्या हंगामात उसाच्या फडात किंवा गुऱ्हाळावर राबणारा मजूर आणि रस्सा-भाताच्या जेवणावळीनंतर उशिरा झोपणारा तरुण यांच्या बाबतीत ही सर्व निमित्ते एकाच दिवशी एकत्र येऊ शकतात. कष्ट किंवा भात यांमुळे निरोगी माणसाला काही होत नाही. थायरॉइड आधीच बिघडलेली असेल तरच ते निमित्त ठरतात.

झटक्यात मांड्या आणि खांदे यांचे मोठे स्नायू प्रथम दुबळे होतात, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, त्याची संवेदना शाबूत असते, बोलणे आणि गिळणे बहुधा बिघडत नाही आणि काही तासांत किंवा दीड-दोन दिवसांत बळ परत येते. धडधड आणि वजन घटणे ही लक्षणे अशा रुग्णांत अनेकदा सौम्य असतात, त्यामुळे कंबरेतील शीर दबली, मज्जारज्जूचा विकार झाला किंवा मुलगा सोंग करतो, असे तर्क आधी केले जातात. ‘अशक्तपणा आला आहे’ म्हणून गावातच ग्लुकोजची बाटली लावणे ही या वेळची सर्वांत अपायकारक चूक होय, कारण शिरेतून गेलेले ग्लुकोज इन्सुलिन वाढवते, इन्सुलिन उरलेले पोटॅशियम स्नायूंत ढकलते आणि दुर्बलता वाढते. या झटक्यातील खरा धोका हृदयाचा ताल बिघडण्याचा असतो. म्हणून हृदयाचा आलेख काढणे, रक्तातील पोटॅशियम मोजणे आणि त्याच नमुन्यातून टीएसएच तपासणे या तीन गोष्टी तातडीने कराव्या लागतात. पोटॅशियम द्यावे लागते, पण हात राखून, कारण शरीरात त्याची खरी तूट नसते; ते फक्त जागा बदलून स्नायूंत गेलेले असते आणि झटका ओसरताना सगळेच एकदम रक्तात परतून पातळी धोकादायकरीत्या वाढवू शकते. प्रोप्रॅनोलॉल हे औषध पंपांचा वेग कमी करून झटका आटोक्यात आणते, आणि थायरॉइड पूर्णपणे ताळ्यावर आली की हे झटके येणे थांबते. एखाद्या तरुणाला असा झटका दुसऱ्यांदा येणे म्हणजे पहिल्या वेळी थायरॉइडची तपासणी राहून गेली, असाच अर्थ बहुधा निघतो.

थायरॉइडचे वादळ

सर्वांत घातक गुंतागुंत म्हणजे थायरॉइडचे वादळ होय. यात संप्रेरकांच्या अतिरेकापुढे शरीराची तग धरण्याची क्षमता संपते. ताप ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्यापुढे जातो, नाडी मिनिटाला १४० च्या वर पोहोचते, उलट्या, जुलाब आणि क्वचित कावीळ होते, रुग्ण बरळू लागतो किंवा सुस्त होतो आणि हृदय निकामी होण्याची चिन्हे दिसू लागतात. जपानमधील देशव्यापी पाहणीत याचे प्रमाण वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे ०.२ इतके अल्प आढळले, पण उपचार होऊनही सुमारे १० टक्के रुग्ण दगावले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की वादळात सापडलेल्या रुग्णाच्या रक्तातील टी-३ आणि टी-४ यांची पातळी साध्या अतिसक्रियतेतील पातळीहून वेगळी असेलच असे नाही. म्हणून निदान आकड्यावरून होत नाही, रुग्णाची एकंदर अवस्था पाहून करावे लागते. १९९३ मध्ये हेन्री बर्च आणि लिओनार्ड वार्टोफस्की यांनी ताप, नाडी, मनाची अवस्था, पोटाच्या तक्रारी, हृदयाची स्थिती आणि निमित्त यांना गुण देणारी जी पद्धत सुचवली, तिच्यात ४५ किंवा त्याहून अधिक गुण झाल्यास वादळाची दाट शक्यता मानून उपचार सुरू केले जातात.

पावसाळ्यात कोल्हापुरातील कोणत्याही रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तापाने बरळणारा रुग्ण आला, तर डेंगी, लेप्टोस्पायरोसिस किंवा न्यूमोनिया यांचा विचार आधी होतो आणि तो योग्यच असतो. परंतु संसर्ग हेच वादळाचे सर्वांत नेहमीचे निमित्त असल्याने ताप आणि वादळ दोन्ही एकाच वेळी असू शकतात. मानेवरील सूज, बाहेर आलेले डोळे, गोळ्यांची जुनी चिठ्ठी किंवा ‘थायरॉइडच्या गोळ्या महिन्याभरापूर्वी बंद केल्या’ हे नातेवाइकाचे एक वाक्य अशा वेळी निदानाची दिशा बदलते. संसर्गाखेरीज शस्त्रक्रिया, अपघात, बाळंतपण, अनियंत्रित मधुमेह आणि आयोडीनयुक्त रंगद्रव्याचे इंजेक्शन हीदेखील ज्ञात निमित्ते आहेत. तथापि गोळ्या अचानक बंद होणे हे निमित्त टाळणे सर्वस्वी माणसाच्या हाती असते. बरे वाटू लागल्यावर ‘किती दिवस गोळ्या खायच्या’ म्हणून त्या सोडून देणे ही नेहमीची गोष्ट होय, पण खंड नाइलाजानेही पडू शकतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत पंचगंगेच्या पाण्याने पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद पडला होता आणि करवीर व शिरोळ तालुक्यांतील अनेक गावे पाण्याने वेढली गेली होती. अशा परिस्थितीत मधुमेहाच्या औषधांप्रमाणेच थायरॉइडला आवर घालणाऱ्या कार्बिमॅझोल या गोळ्यांचा साठाही संपतो. नदीकाठच्या गावांतील रुग्णांनी पावसाळ्याच्या तोंडावर किमान तीन-चार आठवड्यांच्या गोळ्या घरात ठेवणे ही म्हणूनच उपचाराचाच भाग असलेली खबरदारी ठरते.

वादळावरील उपचारांचा क्रमही महत्त्वाचा असतो. प्रथम संप्रेरकाची निर्मिती रोखणारे औषध दिले जाते आणि त्यानंतर किमान तासाभराने आयोडीनचे द्रावण दिले जाते. मोठ्या मात्रेतील आयोडीन ग्रंथीतून संप्रेरक बाहेर पडणे थोपवते, पण तेच आयोडीन नव्या संप्रेरकाचा कच्चा मालही असते, म्हणून कारखाना बंद केल्यावाचून ते देता येत नाही. त्याच्या जोडीला हृदयाची गती आवरणारे प्रोप्रॅनोलॉल, स्टेरॉइड, संसर्गावरील प्रतिजैविक आणि ताप उतरवण्यासाठी पॅरासिटामॉल दिले जाते. अ‍ॅस्पिरिन मात्र टाळले जाते, कारण ते रक्तातील प्रथिनांना चिकटलेले थायरॉइड संप्रेरक सुटे करून त्याचा प्रभाव वाढवू शकते. अशा रुग्णाला अतिदक्षता विभागाची गरज असते आणि त्यामुळे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले, जनमानसात सीपीआर म्हणून ओळखले जाणारे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय किंवा तशी सोय असलेले दुसरे रुग्णालय गाठण्यास उशीर न करणे हाच त्यातला पहिला उपचार असतो.

हृदय, आयोडीन आणि एक गोळी

अतिसक्रिय थायरॉइडच्या सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय पूर्णपणे बिघडते. या अवस्थेला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ती फारशी दुर्मीळ नसली तरी तिच्यातून उद्भवणारा पक्षाघाताचा झटका आणि हृदयाचा स्नायू दुबळा होऊन येणारे हृदयवैफल्य या गंभीर बाबी आहेत. इतर हृदयविकारांच्या मानाने येथे दिलासा असा की मूळ कारण दूर केल्यावर अनेक रुग्णांत लय आणि स्नायूंची ताकद काही महिन्यांत पूर्ववत होते. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या हृदयाची लय प्रथमच बिघडली, तर हृदयाच्या सोनोग्राफीबरोबर टीएसएचही तपासण्याचा प्रघात त्यामुळेच पडला आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम अशा रुग्णांत अपेक्षेपेक्षा जास्त होतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

हृदयाच्या लयीवर दिले जाणारे अमिओडारोन हे औषध स्वतःच थायरॉइड बिघडवू शकते, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. या औषधाच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो. म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळजवळ ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, तर प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज केवळ १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम असते. शिवाय हे औषध चरबीत साठत असल्याने गोळी बंद केल्यावरही त्याचा परिणाम काही महिने टिकतो. अँजिओग्राफी आणि सीटी स्कॅन यांच्या वेळी दिल्या जाणाऱ्या रंगद्रव्यातही आयोडीनचे प्रमाण पुष्कळ असते. जुना गलगंड किंवा गाठी असलेल्या ग्रंथीला अशी एकदम मोठी मात्रा मिळाली तर ती बेबंदपणे संप्रेरक तयार करू लागते, आणि ऑस्ट्रेलियातील टास्मानियात १९६६ मध्ये पावात आयोडीन मिसळण्यास सुरुवात झाल्यावर अशा रुग्णांची संख्या वाढल्याचे दिसून आले होते. यावरून आयोडीनयुक्त मीठ टाळावे असा निष्कर्ष काढणे सर्वथा गैर ठरेल. आयोडीनच्या अभावामुळे होणारा गलगंड आणि मुलांच्या बुद्धिविकासाचे नुकसान रोखण्यासाठी १९६२ पासून देशात राबवल्या जाणाऱ्या कार्यक्रमाचा ते मीठ कणा आहे आणि त्यातील मात्रा दैनंदिन गरजेच्या बेताची असते. गलगंड असलेल्या व्यक्तीने अँजिओग्राफीपूर्वी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी, इतकाच त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

डोळे आणि तंबाखू

ग्रेव्हज विकाराच्या सुमारे चतुर्थांश रुग्णांत डोळ्यांवर कमी-अधिक परिणाम होतो, मात्र दृष्टीला धोका पोहोचण्याइतका तीव्र परिणाम फार थोड्यांत होतो. थायरॉइडवर हल्ला करणारी प्रतिद्रव्ये डोळ्यांच्या खोबणीतील ऊतींवरही परिणाम करतात, तेथील स्नायू आणि चरबी सुजते, आणि हाडांनी बंदिस्त असलेल्या त्या खोबणीत जागा अपुरी पडल्याने डोळे बाहेर ढकलले जातात. सूज मागच्या बाजूस वाढली तर दृष्टीची नस दाबली जाते. अशा वेळी नजर अंधूक होण्याआधी रंग फिके दिसू लागतात आणि त्यातही लाल रंगाचा फिकेपणा लवकर जाणवतो. एकेक डोळा आळीपाळीने झाकून एकच लाल वस्तू पाहिल्यास दोन डोळ्यांतील हा फरक रुग्णाच्या स्वतःच्याही लक्षात येऊ शकतो. पापण्या पूर्ण मिटत नसल्याने बुबुळाला जखम होणे हा दुसरा धोका असतो. या दोन्ही अवस्थांत नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे लागते, आणि शिरेतून स्टेरॉइड किंवा वेळ पडल्यास खोबणीचे हाड कमी करून जागा मोकळी करणारी शस्त्रक्रिया यांनी दृष्टी वाचवता येते.

डोळ्यांच्या या विकाराचे टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे निमित्त म्हणजे धूम्रपान. विडी-सिगारेट ओढणाऱ्या ग्रेव्हज रुग्णांत डोळ्यांचा विकार अधिक वेळा होतो, अधिक तीव्र होतो आणि उपचारांना कमी दाद देतो, हे वारंवार सिद्ध झाले आहे. कोल्हापूरपासून थोड्याच अंतरावर असलेला निपाणीचा परिसर पिढ्यानपिढ्या तंबाखू आणि विडीच्या व्यवसायावर उभा आहे, आणि या पट्ट्यातील रुग्णाला थायरॉइडच्या गोळीइतकीच विडी सोडण्याची चिठ्ठी महत्त्वाची ठरते. याच विकारात क्वचित नडगीवरील त्वचा जाड, लालसर आणि संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होते आणि त्याहून क्वचित बोटांची टोके फुगीर होतात. ही चिन्हे फारशी त्रासदायक नसली तरी ती असलेल्या रुग्णात डोळ्यांचा विकारही बहुधा असतोच.

गर्भावस्था, नवजात आणि वार्धक्य

गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत वारेतून स्रवणाऱ्या एचसीजी संप्रेरकाची रचना टीएसएचशी अंशतः जुळत असल्याने थायरॉइड थोडी उत्तेजित होणे स्वाभाविक असते, आणि तीव्र उलट्या होणाऱ्या स्त्रियांत ती अधिक होते. या तात्पुरत्या अवस्थेला बहुधा थायरॉइडच्या औषधाची गरज नसते. मात्र द्राक्षगर्भ, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्या ऊतींचे फुगे वाढण्याची विकृती असेल, तर एचसीजी इतके वाढते की अतिसक्रिय थायरॉइडचा खरा विकार होऊ शकतो आणि गर्भाशय रिकामे करण्याच्या वेळी वादळाचा धोका संभवतो. ग्रेव्हज विकार असलेल्या गर्भवतीत दुसरी बाब निर्णायक असते : तिच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, आणि अशा मातांच्या १ ते ५ टक्के बालकांत जन्मानंतर अतिसक्रियतेची लक्षणे दिसतात. येथे एक फसगत संभवते. पूर्वी शस्त्रक्रियेने किंवा किरणोत्सारी आयोडीनने ग्रंथी नाहीशी केलेली स्त्री आता उलट थायरॉक्झिनची गोळी घेत असते, म्हणून ती आणि तिचे डॉक्टर जुना विकार संपला असे धरून चालतात, पण प्रतिद्रव्ये रक्तात वर्षानुवर्षे राहू शकतात. बाळंतपणाच्या नोंदीत ‘पूर्वी ग्रेव्हज विकार’ इतके लिहून ठेवले, तर गर्भाच्या हृदयाचा वेग आणि नवजाताचे वजन यांवर लक्ष ठेवता येते, आणि आईची प्रतिद्रव्ये ओसरल्यावर बाळाचा विकार काही महिन्यांत निघूनही जातो. आईने गर्भारपणात औषध घेतले असल्यास त्याचा परिणाम उतरेपर्यंत बाळाची लक्षणे झाकलेली राहतात, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत बाळाची तपासणी पुन्हा करावी लागते.

वयाच्या दुसऱ्या टोकाला विकाराचे चित्र नेमके उलटे होते. १९३१ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक फ्रँक लाही यांनी वर्णन केलेल्या या प्रकारात वृद्ध व्यक्ती चिडचिडी होण्याऐवजी उदासीन होते, तिची भूक मंदावते, वजन उतरते, पायऱ्या चढवत नाहीत आणि घरातील माणसे ते वयाचे परिणाम समजतात किंवा कर्करोगाच्या शंकेने तपासण्यांवर खर्च करतात. हाडांतील कॅल्शियम झिजल्याने किरकोळ पडण्यातूनही खुब्याचे हाड मोडणे, हा या अवस्थेचा आणखी एक परिणाम होय. काही रुग्णांत भ्रम, संशयीपणा किंवा उन्माद अशी मानसिक लक्षणे पुढे येतात आणि ती अंगात येण्याच्या किंवा बाहेरच्या बाधेच्या समजुतीत अडकली की निदानास आणखी महिने लागतात.

औषधाची गुंतागुंत

कार्बिमॅझोल हे भारतात या विकारावर सर्वाधिक वापरले जाणारे औषध असून ते साधारणपणे १२ ते १८ महिने द्यावे लागते. त्याची दुर्मीळ पण जीवघेणी गुंतागुंत म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होणे. हजारात सुमारे दोन ते पाच रुग्णांत ती होते, आणि बहुधा उपचाराच्या पहिल्या तीन महिन्यांत होते. तिची सुरुवात घसा दुखणे, तोंडात फोड येणे आणि ताप अशा अगदी साध्या लक्षणांनी होत असल्याने रुग्ण औषधांच्या दुकानातून एखादे प्रतिजैविक घेतो, कार्बिमॅझोलची गोळीही चालू ठेवतो आणि दोन-तीन दिवसांत रक्तात जंतुसंसर्ग पसरतो. नियम मात्र सोपा आहे : या गोळ्या चालू असताना घसा दुखून ताप आला तर गोळी त्याच क्षणी थांबवावी आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची मोजणी करून घ्यावी. मोजणी ठीक असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू होते; पेशी घटल्या असतील तर हे औषध त्या रुग्णाला पुन्हा कधीच दिले जात नाही. प्रोपिलथायोयुरॅसिल हे पर्यायी औषध गर्भावर होणाऱ्या परिणामांच्या दृष्टीने गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत पसंत केले जाते, मात्र ते क्वचित यकृताची गंभीर हानी करते, म्हणून ते चालू असताना डोळे पिवळे होणे किंवा लघवी गडद होणे याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

गोळ्यांनी विकार आटोक्यात आला नाही किंवा उलटला, तर शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन हे कायमचे उपाय उरतात. १९४१ मध्ये बॉस्टन येथे सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीन पहिल्यांदा रुग्णाला दिले, आणि महाराष्ट्रात या उपचारपद्धतीचा पाया भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळ येथे स्थापन केलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने घातला. तुर्भे येथील अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून आयोडीन-१३१ तयार केले जाते, आणि त्याची किरणोत्सारिता दर आठ दिवसांनी निम्मी होते. थायरॉइड आयोडीन शोषते याच गुणधर्माचा उपयोग करून हे औषध ग्रंथीत पोहोचते आणि तिच्या पेशी हळूहळू नष्ट करते. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना ते वर्ज्य असून डोळ्यांचा सक्रिय विकार असल्यास ते टाळले जाते किंवा स्टेरॉइडच्या संरक्षणाखाली दिले जाते. या उपचारानंतर बहुतेकांना आयुष्यभर थायरॉक्झिनची गोळी घ्यावी लागते, परंतु अतिसक्रियतेच्या धोक्यांच्या तुलनेत तो सौदा फायद्याचा असतो.

या सर्व गुंतागुंती एकत्र पाहिल्या तर असे दिसते की रुग्ण नेत्रविभाग, हृदयविभाग, अस्थिविभाग, प्रसूतिगृह किंवा तातडीचा विभाग अशा निरनिराळ्या दारांतून आत येतो, मात्र विकाराचे मूळ शोधणारी टीएसएचची चाचणी सर्व दारांवर तीच आणि स्वस्त असते. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जेथे गावचा डॉक्टर, तालुक्याचे रुग्णालय आणि शहरातील तज्ज्ञ असा रुग्णाचा प्रवास तीन टप्प्यांत होतो, तेथे दुर्मिळतेहून मोठा धोका माहिती टप्प्याटप्प्यावर गळून जाण्याचा असतो. म्हणून गोळ्यांचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी सदैव जवळ बाळगणे, कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, रंगद्रव्याच्या तपासणीपूर्वी आणि बाळंतपणापूर्वी विकाराची माहिती देणे, ताप आणि घसादुखी एकत्र आल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासणे आणि एरवी डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळीत खंड न पाडणे, एवढ्या चार गोष्टी पाळणाऱ्या रुग्णाला या लेखातील बहुतेक संकटे गाठत नाहीत, आणि गाठलीच तरी उपचारांसाठी पुरेसा वेळ हाताशी राहतो.